उंचावरील उडी आणि दोराचा हिशेब



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. पायांना रबरी दोर बांधून उंच पुलावरून उलटी उडी टाकायची, या प्रकाराला बंजी म्हणतात. धानाच्या या मुलखात हे खूळ कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपली मुले सुटीत ऋषिकेशला जातात, उडी टाकतात आणि घरी येऊन नुसता फोटो दाखवितात. तेव्हा वडीलधाऱ्यांना हे प्रकरण ठाऊक असलेले बरे.

देह उंचावर टांगण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीस बगाड निघते. आपल्या उत्तरेस छिंदवाडा-बैतुलकडील गोंड होळीनंतर मेघनाथाचा खांब उभारून नवस फेडतात. पूर्वी पाठीत गळ टोचीत. पुढे गळाच्या जागी दोर आला. मात्र तेथे माणूस फिरतो, पडत नाही.

पडण्याचा विधी आहे तो प्रशांत महासागरातील पेंटेकॉस्ट बेटावर. हे बेट आज वानुआतू देशात मोडते. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून एक स्त्री वडावर चढली आणि घोट्यांना वेली बांधून तिने उडी टाकली. मागोमाग नवऱ्यानेही टाकली. पण त्याच्या पायांना वेल नव्हती! पुन्हा असे फसायला नको म्हणून तेथील पुरुष उडीचा सराव करू लागले, अशी कथा आहे. बायकोचा शहाणपणा नवऱ्यांनी उचलल्याचे असे दाखले थोडेच.

हे लोक वीस-तीस मीटर उंच लाकडी मनोरा बांधतात. उडी टाकणाराचे वजन आणि फळीची उंची पाहून जाणती माणसे वेल निवडतात. हंगामही ठरलेला: एप्रिल ते जून, कारण पावसानंतर वेलीत रस असतो आणि ती ताण सोसते. आपल्या जंगलातील माहूलवेलीचे दोर वळणारास हे सांगावे लागणार नाही. ओली साल वळते, वाळलेली मोडते. 1974 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या राणीच्या भेटीसाठी ही उडी हंगामाबाहेर करविली गेली. वेली तयार नव्हत्या. एक माणूस प्राणाला मुकला. पाहुणीच्या मानापायी निसर्गाचे वेळापत्रक मोडले, त्याची किंमत उडी मारणाराने दिली.

या बेटावरून स्फूर्ती घेऊन 1 एप्रिल 1979 रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून काही तरुणांनी रबरी दोर बांधून उड्या टाकल्या. पोलिसांनी त्यांना धरले. न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटने आधी रबराच्या ताणाच्या चाचण्या केल्या, 1987 मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी टाकली आणि 1988 च्या नोव्हेंबरात क्वीन्सटाउनजवळ कावाराऊ पुलावर कायमचे केंद्र काढले. तो पूल अवघा 43 मीटर उंच. या खेळात मला मोठेपण वाटते ते त्या चाचण्यांचे.

हिशेब साधा आहे. माणूस वीस मीटर मोकळा पडला की त्याचा वेग ताशी सुमारे 70 किलोमीटर होतो. ताठ दोराने त्याला अर्ध्या मीटरात थांबविले, तर दोराचा ओढा सरासरी वजनाच्या चाळीसपट पडेल. हाडे राहणार नाहीत. तोच दोर आणखी वीस मीटर ताणला जाऊन थांबवील, तर सरासरी ओढा दुप्पटच. म्हणून दोर माणसाच्या वजनाला बेतावा लागतो. हलक्याला जाड दोर झटका देतो, जड माणसाला बारीक दोर जमिनीपर्यंत नेतो.

विक्रमांची यादी मी फार लांबवीत नाही. ऋषिकेशजवळ मोहनचट्टीची उडी 83 मीटरांची, म्हणजे कुतुबमिनाराहून उंच. दक्षिण आफ्रिकेतील ब्लूक्रान्स पूल 216 मीटर, मकाऊचा मनोरा 233 मीटर. पण उंचीने धोका ठरत नाही. वीस मीटरांवरून चुकलेला दोरही पुरेसा आहे.

म्हणून मुलगा निघाला तर त्याला 'भीती नाही ना वाटत?' असे विचारू नका. वजन किती वेळा करतात, दोराच्या उड्यांची नोंद कोण ठेवतो, किती उड्यांनंतर तो बाद करतात, गाठ दुसरा माणूस पुन्हा तपासतो का, आणि रक्तदाब, डोळे, मणका यांविषयी आधी विचारतात का, हे त्याला केंद्रावर विचारायला सांगा. नीट उत्तर मिळाले नाही, तर भरलेले पैसे सोडून त्याने परतावे.