शिकविले म्हणजे शिकले काय?

(आरोग्य विभागातील प्रशिक्षकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण सारेच प्रशिक्षक आहोत, तेव्हा प्रारंभी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगितली तर आपण ती समजून घ्याल. काही वर्षांपूर्वी आरोग्यसेविकांसाठी नोंदवहीविषयीचा पाच दिवसांचा वर्ग मी आखला होता. वर्ग उत्तम झाला. अखेरच्या दिवशी अभिप्रायपत्रके वाटली, तर जवळजवळ प्रत्येकीने 'फार उपयुक्त' असे लिहून दिले. मी समाधानाने घरी परतलो. तीन महिन्यांनी एका उपकेंद्रात सहज डोकावलो तो नवी नोंदवही कोरीच! सेविकेला विचारले, तेव्हा ती संकोचाने म्हणाली, "साहेब, नवी वही चांगलीच आहे, पण महिनाअखेरीला बाई जुनाच तक्ता मागतात. दोन्ही लिहायला वेळ कुठला?"

तिला सारे येत होते. जे बदलायला हवे होते ते तिच्या डोक्यात नव्हतेच. ते तिच्या वरिष्ठांच्या मेजावर होते. त्या मेजाचा विचार मी वर्ग आखताना केला नव्हता.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षणाचे फळ चार पायऱ्यांवर तपासावे असे सुचविले : प्रशिक्षणार्थीला वर्ग आवडला काय, तो काही शिकला काय, कामावर त्याचे वागणे बदलले काय, आणि त्यातून कामाचा परिणाम सुधारला काय. आपली अभिप्रायपत्रके बहुधा पहिल्याच पायरीवर थांबतात. भोजन चांगले असले की तीही चांगली येतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे!

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेसमोर लहान मुलांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. बालकाचा श्वास जलद चालतो काय, हे मिनिटभर श्वास मोजून ओळखता येते. परंतु गावातील निरक्षर सुईणीने पन्नास-साठपर्यंत अचूक मोजावे कसे? आपल्यापैकी कोणी असता तर त्याने बहुधा अंकज्ञानाचा वर्ग काढला असता. त्यांनी एक साधे उपकरण तयार केले. त्यात मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकला तर श्वास जलद आहे, असे समजायचे. सुईणीला आता केवळ दहापर्यंत मोजावयाचे होते. शिकविण्याचा भार अशा रीतीने कमी करणे हेही प्रशिक्षणाच्या आखणीतच मोडते. किंबहुना ते तिचे पहिले काम होय, असे माझे मत आहे.

पुढे त्याच संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात नमूद आहे. कर्कपॅट्रिक यांची चौथी पायरी ती हीच. मला विशेष वाटते ते असे की, शिक्षण वर्गाबरोबर संपले नाही. पर्यवेक्षक ठरावीक दिवसांनी गावात जात, नोंदी पडताळीत आणि चूक आढळली तर तिथेच दुरुस्त करीत. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्तींवर नवजात बालकांच्या गृहभेटींचे काम सोपविण्यात आले, त्यामागे या प्रयोगाचा मोठा आधार होता.

आता दूरभाषवरील शिक्षणाकडे वळू. २०२० च्या साथीत वर्ग बंद पडले आणि धडे पडद्यावर आले. त्याच वर्षी केंद्र शासनाने 'मिशन कर्मयोगी' मंजूर केले व शासकीय सेवकांच्या ऑनलाइन शिक्षणाला निश्चित चौकट मिळाली. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु वर्गातली ऐंशी पानांची चित्रमालिका जशीच्या तशी पडद्यावर चढविली, तर सेविका काय करते ते मी पाहिले आहे. रात्री भांडी आवरल्यावर, जिथे लहर मिळते त्या अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहून ती 'पुढे, पुढे' अशी कळ दाबीत जाते आणि प्रमाणपत्र मिळविते. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

पडद्याला जे साधते ते वर्गाला साधत नाही, हेही खरे. आजारी बाळाची छाती आत ओढली जाते ती कशी, हे वर्गात चाळीस जणींना दाखवायचे तर बाळ आणायचे कुठून? चित्रफितीत तोच श्वास वीस वेळा पाहता येतो व कोणत्याही बाळाला त्रास होत नाही. म्हणून धडा पाच-सात मिनिटांचा आणि एकाच कामाचा असावा. त्यात प्रत्यक्षातला प्रसंग मांडून, 'आता तुम्ही काय कराल?' असे विचारावे. आणि तोच प्रसंग थोडा बदलून आठवड्याने व पुन्हा महिन्याने समोर आणावा. माणूस शिकलेले पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने विसरतो, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवून दिले आहे. सलग तीन तासांच्या धड्यापेक्षा अशी पुनरुक्ती स्वस्तही पडते.

परंतु वजनकाट्याची झोळी नीट अडकली की नाही, थर्मामीटर काखेत पुरेसा वेळ राहिला की नाही, हे पडदा पाहू शकत नाही. त्यासाठी शेजारी माणूसच हवा. तो माणूस म्हणजे तिची आरोग्य सहायिका, आणि तिच्यासाठी आपण आजवर एकही धडा केलेला नाही. माझी सूचना अशी की, पुढील अभ्यासक्रमाची आखणी करण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एक दिवस उपकेंद्रात बसावे, सेविकेबरोबर दोन घरी जावे आणि महिनाअखेरीला तिच्याकडून कोणकोणते तक्ते मागितले जातात त्यांची यादी करून आणावी. ती यादी हाती आल्यावर अभ्यासक्रमातील कोणती पाने गाळावयाची, हे पुढील बैठकीत ठरवू. आता आपल्या शंका ऐकतो.