बालशिक्षणातील पीएच. डी. : प्रबंधापूर्वीचा अभ्यास



पीएच. डी. म्हणजे एक जाडजूड प्रबंध लिहिणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पूर्वी ती बव्हंशी खरीही होती. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधापूर्वीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, आणि २०२२ च्या नियमावलीने तो किमान १२ श्रेयांकांचा ठरविला. त्यांत संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन यांची नीती हे दोन विषय कोणासही टाळता येत नाहीत. नीतीचा विषय २ श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा आहे. या मापाने संपूर्ण अभ्यासक्रम सुमारे १८० तासांचा होतो. त्यात ५५ टक्के गुण मिळाल्यावाचून प्रबंध सादर करता येत नाही. उरलेले विषय, म्हणजे बालविकास, पाठ्यक्रमविचार, संख्याशास्त्र इत्यादी, विद्यापीठपरत्वे कमीअधिक असतात.

हा विषय खेड्यातील शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळणारा शिक्षक हा अंगणवाडीच्या ताईइतकाच या क्षेत्रातला होय.

आता इतक्या पूर्वतयारीची आवश्यकता काय, असा प्रश्न येतो. मोठ्या माणसाला प्रश्नावली देता येते. चार वर्षांच्या मुलाला ती देता येत नाही. ज्याँ पियाजे यांनी मुलांपुढे सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या, त्यांतील एक पसरून लांब केली आणि पुन्हा विचारले, “आता दोन्हींत सारख्याच आहेत का?” लहान मुले बहुधा “लांब रांगेत जास्त” असे म्हणत. मुलाला संख्येची स्थिरता कळत नाही, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. रांग मोठ्या माणसाने न पसरता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली, असे दाखविले. त्याबरोबर पुष्कळच अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले! सोंगट्या त्याच होत्या आणि प्रश्नही तोच होता. गुरुजींनी मुद्दाम काही हलविले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तर बदलावयाचे असते, असे मूल समजते. फळ्यापुढे उभे राहून “नक्की का?” असे विचारणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातील मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारला, तर परीक्षा गणिताची होते की भाषेची, हा त्याच जातीचा प्रश्न.

निरीक्षणाचीही गोष्ट अशीच आहे. दोन निरीक्षकांनी एका मुलाचा खेळ २० वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी “एकटा” किंवा “सोबतीने” अशी नोंद केली. १७ नोंदी जुळल्या, म्हणजे ८५ टक्के मेळ पडला. हे पुरेसे वाटते. पण मूल जवळजवळ सदैव सोबतीनेच खेळत असेल, तर न पाहता नोंदी केल्या तरी त्या बऱ्याच जुळतील. म्हणून योगायोगाने पडणारा मेळ वजा करून उरलेला मोजतात. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेले ‘काप्पा’ हे माप याच कामाचे आहे. संख्याशास्त्राच्या नावाने बिचकणाऱ्यांनी एवढे समजून घेतले, तरी पुष्कळ झाले.

सर्वांत अवघड भाग मात्र नीतीचा. संशोधनास पालकांची संमती लागते. खेड्यात गुरुजींनी कागद पुढे केला की आई अंगठा उठविते. नकार देण्याचे तिच्या मनातही येत नाही. हिला संमती म्हणावे काय? कागद वाचून दाखविणे, नकार दिल्यास मुलाचे काही बिघडणार नाही हे स्पष्ट सांगणे, आणि विचारण्याचे काम शक्यतो वर्गशिक्षकाखेरीज दुसऱ्याने करणे, एवढे तरी व्हावे. शिवाय मुलाची स्वतःची राजीखुशी निराळीच. खेळ अर्धवट टाकून जे मूल आपल्या पाटीकडे परत जाते, त्याने नकार दिलेला असतो, आणि संशोधकाने तो मानावयाचा असतो.

ज्यांना हा मार्ग धरावयाचा आहे, त्यांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्या. साधारणतः ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी लागते. मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. मुदत किमान ३ व कमाल ६ वर्षांची. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढू शकते आणि स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. पत्राद्वारे वा दूरस्थ शिक्षणाने ही पदवी घेता येत नाही. तशी जाहिरात दिसल्यास पैसे भरू नयेत. नोकरी सांभाळून अंशकालीन प्रवेश मात्र २०२२ च्या नियमावलीत मान्य आहे. त्यासाठी नियुक्ती अधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि जरूर पडल्यास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी कामातून मोकळीक देण्यात येईल, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. द्विशिक्षकी शाळेत ही मोकळीक म्हणजे सर्व वर्ग एकट्या सहकाऱ्याच्या माथी येणे. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी तासिका सुट्टीत होतात की सत्रात, हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे, आणि त्या सहकाऱ्याशीही आधीच बोलून ठेवावे.