सार्वजनिक गोल्फ आणि आपलं मागचं मैदान
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'ज्येष्ठांचे छंद' या सदरात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, दहा मिनिटं तुमच्या गोल्फवर बोला. पण आकडेवारी नको." बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडे बोलू नका म्हणणं म्हणजे जरा कठीणच आहे. तरी प्रयत्न करतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. उमेळ्यात राहून गोल्फ खेळतो म्हटलं की लोक मला एकतर श्रीमंत समजतात, नाहीतर थापाड्या. मी दोन्ही नाही. माझा सेट वापरलेला आहे, बॅगेची चेन दोनदा बदलली आहे. हा खेळ मला लागला तो देवळालीच्या बदलीत. आमच्या शाखेत लष्करातले खातेदार बरेच. त्यांपैकी एक कर्नलसाहेब एका रविवारी म्हणाले, "मॅनेजरसाब, सुबह छह बजे आ जाइए." गेलो. पहिल्या फटक्याला चेंडू जागेवर आणि मातीचं ढेकूळ मात्र वीस फुटांवर! तेव्हापासून आजपर्यंत शिकतोच आहे.

खेळ सोपा आहे. अठरा खळगे, प्रत्येकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या स्टीलच्या फुलपात्यापेक्षा थोडा मोठा. चेंडू जास्तीत जास्त ४६ ग्रॅमचा. कमीत कमी फटक्यांत तो आत घालायचा, बस्स. आणि रोजच्या खेळात अंपायर नसतो. झाडीत चेंडू तुम्ही पायाने सरकवला तर बघायला कोणी नाही. आपले फटके आपणच मोजायचे. बँकेत आम्ही याला सेल्फ-सर्टिफिकेशन म्हणायचो, आणि तिथे ते किती चालायचं ते मला ठाऊक आहे.

आता कोर्सविषयी. मुंबईत चेंबूरला १९२७ पासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, विलिंग्डन आहे, कुलाब्याला समुद्राच्या कडेचा यू. एस. क्लब आहे. सुंदर जागा. पण ते सगळे क्लब. आत जायचं तर मेंबर व्हा किंवा मेंबरचा हात धरून या. मला पाहुणा म्हणून दोन-तीनदा जायला मिळालं. यजमानांनी खूप केलं, पण पाहुण्याला पाहुण्यासारखंच वाटतं. चहा पितानासुद्धा पाठ ताठ ठेवावी लागते.

सार्वजनिक कोर्स म्हणजे काय? फी भरा, नाव नोंदवा, खेळा. तुमचे वडील कोण, शिफारस कोणाची, हे कोणी विचारत नाही. आपल्या देशात असा पहिला कोर्स दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सरायला काढला, कुतुब गोल्फ कोर्स. साल २०००, म्हणजे आपल्या संस्थेच्या नोंदणीचं साल! माझी मुलगी दिल्लीला असताना तिथे खेळलो आहे. फटका मारायला उभं राहिलं की समोर कुतुबमिनार दिसतो, आणि मान वर केली की चेंडू हमखास चुकतो. माझ्याबरोबर त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमास्तर, एक कापड दुकानदार आणि कॉलेजातली एक मुलगी होती. मुलीने आम्हा तिघांनाही हरवलं.

आपल्याकडे सिडकोने खारघरला २०१२ मध्ये कोर्स सुरू केला. मी नुकताच निवृत्त झालो होतो, जणू माझ्यासाठीच काढला! एकदा हौसेने ट्रेननेच निघालो. नायगावहून वसई रोड, तिथून दिव्यावरून पनवेल, पनवेलहून हार्बरने मागे खारघर. गाडीत एकाने विचारलं, "काका, हॉकी का?" दुसऱ्याने माझ्याकडे बघून ठरवलं की नळाचे पाइप असावेत. त्यानंतर मात्र मित्राच्या गाडीतून, पहाटे साडेचारला, घोडबंदर-ठाण्यावरून.

खारघरचं माझं मत विचाराल तर उत्तम. डोंगराच्या कुशीतला कोर्स, पावसाळ्यात चहूकडे हिरवं, पांडवकड्याच्या बाजूने ढग उतरलेले. चढ-उतार असल्यामुळे गुडघे बोलतात. मे महिन्यात नऊनंतर खेळू नये. पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, म्हणून लांब फटक्याचा हव्यास सोडावा.

मी कोर्सला रेटिंग देतो ते बँकेच्या इन्स्पेक्शनसारखं. गवत किती गुळगुळीत, याला माझ्याकडे कमी मार्क. मी तीन गोष्टी बघतो. एक, नवख्या माणसाशी गेटवर कसं बोलतात. दोन, कॅडीला बसायला सावली आणि प्यायला पाणी आहे का. तीन, लहान मुलं दिसतात का. एका ठिकाणी, नाव घेत नाही, गवत गालिच्यासारखं होतं; पण कॅडी उन्हात उकिडवे बसलेले आणि पोरगं एकही नाही. माझ्या वहीत त्याला 'सी' ग्रेड आहे. कॅडींना कमी लेखू नका. अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवर लोकांच्या बॅगा वाहणारा मुलगा. १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली, १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. कोणीतरी त्याला मैदानात येऊ दिलं, म्हणून जिंकला.

नाशिकला गोल्फ क्लब मैदान आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तिथला गोल्फ केव्हाच गेला, लोकांच्या तोंडी नाव राहिलं. आता ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. सकाळी तिथे माणसं चालतात, रणजीचे सामनेही झालेत. गोल्फर असूनही मला त्याचं वाईट वाटत नाही. मैदान राहिलं ना! खेळ बदलला तर बदलू दे.

आणि या खेळाचं जे माहेरघर मानतात, स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, त्याची गंमत ऐका. ती जमीन सार्वजनिक आहे. गावकऱ्यांचा तिच्यावरचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदवलेला आहे. जगातले मोठमोठे खेळाडू तिथे खेळायला तळमळतात. पण तिथल्या जुन्या कोर्सवर एरवी रविवारी गोल्फ बंद. त्या दिवशी गावातली माणसं मुलंबाळं, कुत्री घेऊन तिथे फिरतात. एकच जागा, वार वाटून घेतलेले.

आता जे बोलायला खरं म्हणजे उभा राहिलो, ते बोलतो.

आपल्या मागच्या मोकळ्या जागेत एक पाटी आहे. 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.' नव्या मेंबर्सना वाटत असेल ती बिल्डरने लावली. नाही. एका गाडीची काच फुटली, सभेत आरडाओरडा झाला, आणि तो ठराव मांडला गेला. इतिवृत्ताच्या वहीत बघा, सूचक म्हणून माझं नाव आहे. त्यानंतर अर्ध्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसले, तेही मी खजिनदार असतानाच. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं तेव्हा त्या ब्लॉकवरचं पाणी कितीतरी वेळ हललं नाही. राहिलेल्या मातीच्या तुकड्यावरचं मात्र लवकर ओसरलं.

गेल्या वर्षीची गोष्ट. गुडघ्याच्या दुखण्यामुळे खारघर बंद होतं. संध्याकाळी मी त्याच जागेत प्लास्टिकच्या चेंडूने हळूहळू सराव करत होतो, त्या पाटीच्या बरोबर खाली. आपल्या वॉचमनचा मुलगा चेंडू उचलून घेऊन आला. हातात देत म्हणाला, "आजोबा, तुम्हाला चालतं, मग आम्हाला का नाय?"

उद्धटपणा नव्हता हो त्यात. खरोखर विचारत होता. मी काहीतरी पुटपुटलो, "हा हलका चेंडू आहे." सदतीस वर्षांत ऑडिटरला इतकं लंगडं उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा भात कापून झालं की आजूबाजूच्या शेतांत पोरं क्रिकेट खेळायची. पलीकडे मिठागरं, अलीकडे केळीच्या वाड्या. तेव्हा संस्थेत मैदान नसतं तरी चाललं असतं. आता ती शेतं कुठे आहेत, तुम्हीच गॅलरीतून बघा. पंचवीस वर्षांत आपण मुलांना लिफ्ट दिली, सीसीटीव्ही दिला, आणि पळायची जागा काढून घेतली. मी पासष्ट किलोमीटर जाऊन दुसऱ्याच्या सार्वजनिक मैदानाची तारीफ करतो, आणि माझ्याच घरामागचं मैदान मी क्लब करून ठेवलं. फक्त गाड्यांचा क्लब.

पुढच्या वार्षिक सभेत उरलेली जागाही पार्किंगला द्यावी असा विषय येणार आहे. गाड्यांचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. रात्री दहाला कामावरून येणाऱ्याने गाडी कुठे लावायची? पण त्यावर उत्तर वार वाटून, वेळ वाटून काढता येतं. संध्याकाळी पाच ते सात मागची बाजू मुलांची. त्या वेळेत तिथे गाडी नाही. रात्री हवी तर लावा. चेंडू टेनिसचा किंवा प्लास्टिकचा. सीझनचा चेंडू मीही मागत नाही. काचेच्या भरपाईसाठी एक छोटा फंड काढू, पहिले पाच हजार माझे. आणि 'मुलं' म्हणजे फक्त मेंबरांची नाहीत, वॉचमनचीही.

माझा जुना ठराव मागे घेण्याचा ठराव मीच मांडणार आहे. अनुमोदक पाहिजे. तुम्ही विरोधात मत दिलंत तरी माझा राग नाही. पण मत देण्याआधी एकदा संध्याकाळी खाली या, त्या पाटीखाली पाच मिनिटं उभे राहा.

गोल्फमध्ये स्वतःची चूक स्वतःच सांगायची आणि एक फटका वाढवून घ्यायचा, असा रिवाज आहे. माझा तो फटका आज मी लिहून घेतला.

संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांना शुभेच्छा. सेक्रेटरीसाहेब, दहा मिनिटांची बारा झाली, माफ करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.

— 'बी' विंगमधील एक ज्येष्ठ सभासद, माजी खजिनदार