उकिरड्याचे पांग

(चामोर्शी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्यात म्हण आहे. ही बारा वर्षे चार महिन्यांवर आणता येतात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

मी शाळामास्तर. दरवर्षी पानगळीत शाळेच्या आवारातील पालापाचोळा मुलांकडून गोळा करवून मी त्यास काडी लावीत असे व स्वच्छतेचा पाठ दिला, असे मानीत असे. जे भूमीतून आले ते भूमीस परत न देता मी त्याचा धूर केला, हे मला निवृत्तीनंतर उमगले.

काडीकचऱ्यापासून शास्त्रोक्त खत करण्याचे संशोधन सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात केले. परंतु त्या पद्धतीत ढीग वारंवार उलथावा लागे. पुढे आपल्याच विदर्भात, पुसद येथे, नारायण देवराव पंढरीपांडे यांनी ती अडचण दूर केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीस 'नाडेप' म्हणतात.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावे. हवा खेळावी म्हणून भिंतींत छिद्रे ठेवावी. त्यात काडीकचरा, शेणाचे पाणी आणि चाळलेली माती यांचे थर एकावर एक देऊन ते दोन दिवसांत भरावे व वरून शेणमातीने लिंपावे. सुमारे शंभर किलो शेणात तीन ते चार महिन्यांनी जवळजवळ तीन टन खत मिळते. उघड्या उकिरड्यातील सत्त्व उन्हापावसात निघून जाते. येथे ते माती धरून ठेवते. प्लास्टिक व काच मात्र आधी निवडून काढावी. ज्यांच्या गोठ्यात आता एकच गाय उरली आहे, त्यांनाही हे साधेल. कुजकी तणीस, बांधावरचे गवत, घरातील भाजीची देठे यांची आपल्याकडे वाण नाही.

मग अडते कोठे? अडते ते मनात. मुलगा शेणात हात घालीत नाही, याचे आपल्या घरांत भूषण वाटते. मी स्वतः त्याच अभिमानात वाढलो. गतवर्षी परसात टाके भरू लागलो, तेव्हा घरच्यांनीच म्हटले, "मास्तर, या वयात हे काय आरंभिले?" मला त्या वेळी अप्पासाहेब पटवर्धन आठवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. ते नाकारले गेले, तेव्हा महात्माजींनी येरवड्यात उपवास धरला. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे सोनखत करून दाखविले. घाण करणारा उच्च आणि ती उचलणारा नीच, हा आपला हिशेबच उलटा आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, पुढील मेळाव्यापूर्वी शेती असलेल्या प्रत्येक कुटुंबाने एक तरी टाके भरावे, आणि ते मजुराकडून नव्हे, तर मुलाबाळांसह स्वतः भरावे. खत तर मिळेलच. पण आपल्या मनातील उकिरड्याचेही पांग फिटतील.