मुलांचा घसा आणि प्रकाशाचा उपचार



धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मुलांच्या घशाविषयीं बोलावें, हें कोणास विजोड वाटेल. परंतु आपली ख्रिस्तसभा प्रतिवर्षीं 3 फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या सणादिवशीं, दोन मेणबत्त्या गळ्याशीं धरून घशाला आशीर्वाद देते. सेबास्तेचे हे बिशप वैद्य होते व घशांत माशाचा कांटा अडकलेल्या मुलाला त्यांनीं वांचविलें, अशी कथा आहे. तारापूर-सातपाटीच्या किनाऱ्यावरील आयांना तिचें मर्म सांगावयास नको. आशीर्वाद व औषध यांत वैर नाहीं, हेंच ती शिकविते.

वारंवार सुजणारे टॉन्सिल हें पालघर-बोईसरकडील आयांनाही परिचित दुखणें आहे. चुलीचा, विडीचा वा कारखान्याचा धूर असा घसा अधिकच चिडवितो. यावर लेझरच्या मंद प्रकाशाचा उपचार निघाला आहे. बुडापेस्टच्या डॉ. एंद्रे मेस्टर यांस 1967 सालीं, अशा प्रकाशानें उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवतात, असें आढळलें; तेथून ही विद्या वाढली. हा प्रकाश कापीत नाहीं, भाजीत नाहीं. वेदना व सूज कमी करूं शकतो. कर्करोगाच्या उपचारांमुळें तोंड येतें, तें टाळण्यास तो मान्य झाला आहे. मुलांच्या जुनाट टॉन्सिलविषयीं मात्र पुरावा तोकडा आहे.

म्हणून आम्ही आग्रहानें सांगतों कीं, त्याला औषधाच्या जागीं बसवूं नका. बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळें होते व आपोआप बरी होते. परंतु स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या दुखण्याची हयगय केल्यास दोन-तीन आठवड्यांनीं सांध्यांचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडूं शकतात. 5 ते 15 वर्षांच्या मुलांस हा धोका विशेष. खोकला नसतां ताप, घसेदुखी व गळ्याखालीं गांठी दिसल्या, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावें. दुखणें लागल्यापासून 9 दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू झालें, तरी हृदयाचें रक्षण होतें. मात्र डॉक्टरांनीं 10 दिवस सांगितले असतां, तिसऱ्या दिवशीं ताप उतरला म्हणून गोळ्या फडताळांत ठेवूं नयेत.

प्रत्येक दुखण्याची तारीख वहींत टिपावी. वर्षांत 7 वेळां, किंवा लागोपाठ दोन वर्षें 5-5 वेळां, किंवा तीन वर्षें 3-3 वेळां घसा धरला, तर शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टर करतात. तेव्हां ती वहीच उपयोगी पडते.

ज्या बालकंठांतून आपल्या मिस्सेचीं गीतें उमटतात, ते कंठ व तीं हृदयें परमेश्वर सुखरूप राखो, आणि त्या कामीं आपणां सर्वांस दक्ष ठेवो. आमेन.