नावामागचे कारण

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात कलशारोहणाच्या आदल्या रात्री केलेले भाषण)



कीर्तनकार बुवा केव्हाचे येऊन बसले आहेत, म्हणून मी पाल्हाळ लावणार नाही. आयुष्यभर शाळेत शिकवले. त्यामुळे गुरुजी बोलायला उभे राहिले की घंटा होईपर्यंत बसत नाहीत, अशी माझी ख्याती आहे. आज घंटा देवाची आहे. ती वाजली की मी बसेन.

परवा समितीच्या बैठकीत तरुण मंडळींनी एक सूचना मांडली. देऊळ नवे झाले, आता गावाचे नावही नवे करावे आणि भैरवनाथनगर म्हणावे. काही म्हाताऱ्या माणसांना ते रुचले नाही. शब्दाने शब्द वाढला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, उत्सवाच्या रात्री यावर तुम्हीच काय ते बोला." मी निकाल द्यायला उभा नाही. एका गावाने दोनशे वर्षांपूर्वी आपले नाव का बदलले, एवढेच सांगणार आहे. त्यातून काय घ्यायचे ते तुम्ही घ्या.

माझा मुलगा नोकरीनिमित्त म्हैसूरला होता, तेव्हा मी तिकडे काही दिवस राहून आलो. म्हैसूरहून दक्षिणेला एक रेल्वे जाते. वाटेत नंजनगूडचे मोठे शिवक्षेत्र लागते आणि गाडी जिथे संपते ते गाव चामराजनगर. १९९७ सालापासून ते जिल्ह्याचे ठिकाण आहे. या गावाचे जुने नाव अरिकुठार, बोलण्यात अरिकोट्टार. संस्कृतात 'अरी' म्हणजे शत्रू आणि 'कुठार' म्हणजे कुऱ्हाड. गाव तसे फार जुने. होयसळ राजा विष्णुवर्धन याच्या पुणिस नावाच्या सेनापतीने इ. स. १११७ च्या सुमारास बांधलेले पार्श्वनाथाचे जैन मंदिर तिथे आहे. म्हणजे नाव बदलले तेव्हा गावाला निदान सातशे वर्षांचा इतिहास होता. असे गाव आपले नाव का टाकते?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. म्हैसूरच्या गादीवर वोडेयर घराणे होते, पण १७६१ पासून खरी सत्ता हैदरअलीच्या हाती गेली. राजा गादीवर असायचा तो नावापुरता. १७७६ साली चामराज वोडेयर नावाचा राजा मूल नसताना वारला. आता गादीवर कोणाला बसवायचे? सांगतात की, हैदरने राजकुळातली लहान मुले एकत्र आणवली आणि त्यांच्यासमोर खेळणी, फळे, हत्यारे असे सगळे मांडून ठेवले. बाकीची मुले खेळण्यांवर आणि खाऊवर तुटून पडली. एका पोराने मात्र एका हातात कट्यार उचलली आणि दुसऱ्या हातात लिंबू. हैदर म्हणाला, हाच राजा.

हे मूल अरिकोट्टारचे. तिथल्या देवराज अर्स यांचा मुलगा, जन्म १७७४ चा. राणी लक्ष्मम्मण्णी यांनी त्याला दत्तक घेतले आणि त्याचेही नाव चामराज ठेवले गेले. कट्यार उचलली म्हणून राजा झाला खरा, पण ती चालवण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. आधी हैदर, मग टिपू. राजाने दसऱ्याला प्रजेला दर्शन द्यावे आणि पुन्हा आत जावे. १७९१-९२ च्या स्वारीत आपल्याकडचे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन त्या मुलखात उतरले होते. त्या वेळी हा सतरा-अठरा वर्षांचा राजा श्रीरंगपट्टणात होता. पण लढाईत त्याला विचारणारे कोणी नव्हते.

१७९६ साली देवीच्या रोगाने तो गेला. वय अवघे बावीस. मागे त्याचा मुलगा कृष्णराज, पावणेदोन वर्षांचा. टिपूने गादीवर कोणालाच बसवले नाही. राजकुटुंबाला वाड्यातून काढून साध्या घरात ठेवले. पुढे ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि इंग्रजांनी त्या पोराला शोधून ३० जून रोजी म्हैसूरच्या गादीवर बसवले. त्याला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. दिवाण पूर्णय्या यांनी कारभार पाहिला आणि १८११ मध्ये कृष्णराजाने तो आपल्या हाती घेतला.

मंडळी, आता या मुलाचा विचार करा. बाप आठवत नाही. बापाने जिंकलेला एखादा किल्ला दाखवावा तर तो नाही. बापाने दिलेला मोठा निवाडा सांगावा तर तो अधिकारच नव्हता. आपल्यातली कितीतरी मुले बापाच्या हातची विहीर दाखवतात, बांध दाखवतात, लावलेला आंबा दाखवतात. या राजाच्या मुलाला दाखवायला तेवढेही नव्हते. बाप नावापुरता राजा होता. मागे राहिले ते नावच.

अशात त्याला समजले की, आपले वडील अरिकोट्टारला जन्मले. साल १८१८. आपल्याकडे पेशवाई बुडाली तेच वर्ष. चोविशीतल्या त्या राजाने गावाला वडिलांचे नाव दिले : चामराजनगर. पण तो एवढ्यावर थांबला नाही. वडिलांचा जन्म झाला त्या जागी त्याने जननमंडप बांधला. १८२६ साली मोठे शिवमंदिर उभे केले. पिंडीचे नाव चामराजेश्वर, आणि देवीचे नाव केंपनंजांबा. हे त्याच्या आईचे नाव. म्हणजे बापाच्या नावाने देव आणि आईच्या नावाने देवी. शेजारी घराण्याची कुलदेवता चामुंडेश्वरी आहेच. माणसाच्या नावाला ईश्वर जोडून त्याच्या स्मरणार्थ शिवालय बांधण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. महेश्वरला अहिल्याबाईंच्या नावाने अहिल्येश्वराचे देऊळ आहेच.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १८३१ साली इंग्रजांनी कृष्णराजाकडून कारभार काढून घेतला. १८६८ साली तो वारला, तोपर्यंत तो त्याला परत मिळाला नाही. बापासारखाच मुलगाही नावापुरता राजा राहिला. पण त्याने बांधलेल्या देवळात दिवा लागत राहिला. त्या देवाचा रथ आषाढात निघतो. आषाढात नव्या सुनांना माहेरी पाठवण्याची रीत तिकडेही आहे, पण या रथाला नवी जोडपी मुद्दाम येतात आणि रथावर केळी-दवणा उधळतात. २०१७ साली रथ आगीत सापडला आणि यात्रेचा रथ पाच वर्षे निघाला नाही. २०२२ साली नवा रथ झाला आणि पुन्हा दोराला हजारो हात लागले. लाकूड जळाले तरी नाव जळले नाही, कारण त्या नावामागे लोकांचे येणेजाणे होते. आपले पडके देऊळ वर्गणीने उभे केलेल्या तुम्हा मंडळींना हे मी वेगळे सांगायला नको.

आता तरुण मित्र म्हणतील, गुरुजी आमच्या बाजूने बोलले. थोडे थांबा.

त्या देवळाच्या पायरीवर बसलो असताना माझ्या मनात एक विचार आला. ज्या बापासाठी मुलाने गावाचे नाव बदलले, त्या बापाला चामराजनगर हे नाव ऐकून माहीतच नव्हते. त्याला कोणी विचारले असते, बाबा, तुझा जन्म कुठला? तर तो म्हणाला असता, अरिकोट्टारचा. मुलाने प्रेमापोटी बापाचे नाव गावाला दिले आणि त्याच प्रेमाने बापाच्या तोंडचे गावाचे नाव मागे पडले. यात मी राजाला दोष देत नाही. पण नवे नाव येते तेव्हा जुन्याची जागा घेऊनच येते, हा हिशेब आपल्याला ठाऊक असावा.

दुसरी गोष्ट. हे नाव कोणी, कधी आणि कशासाठी दिले, ते आज आपण सांगू शकतो, कारण ते लिहून ठेवले गेले. आता आपल्या गावाचे बघा. आपल्या गावाला हे नाव का पडले? मी शाळेत असताना हे सांगणारी तीन म्हातारी माणसे गावात होती. प्रत्येकाची हकिगत वेगळी. मी पुढे कधीतरी लिहून घेऊ म्हणालो. शाळा झाली, संसार झाला, निवृत्त झालो आणि वही कोरीच राहिली. तिघेही गेले. दुसऱ्यांच्या मुलांची अक्षरे गिरवून घेणाऱ्या मास्तराने आपल्या गावाच्या चार ओळी लिहिल्या नाहीत, ही चूक मी आज देवासमोर कबूल करतो.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. नाव बदलायचे की नाही ते ग्रामसभेत सगळ्यांनी शांतपणे बसून ठरवा. बदलाल तर कृष्णराजासारखे मनापासून बदला, नुसता फलक रंगवू नका. न बदलाल तर तेही कारण सांगून. जे ठरेल ते आणि ज्यासाठी ठरेल ते, दोन्ही लिहून ठेवा. आणि या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापणार आहात, तिच्यापुढे दोन पाने मोकळी सोडा. त्यात आपल्या शिवारातली नावे छापा : माळांची, ओढ्यांची, विहिरींची, पाणंदींची. ज्यांना कारण ठाऊक असेल त्यांच्याकडून ते लिहून घ्या. समोर बसलेल्या आजीबाईंना त्यातली निम्मी तरी ठाऊक असतील. उद्या कलश चढला की परवापासून कामाला लागा. वही माझी, पेन माझे. पाय तेवढे तुमचे लागतील.

बुवा टाळ सावरत आहेत, तेव्हा आवरतो. श्रीभैरवनाथ आपल्या सर्वांना एकोप्याने राहण्याची बुद्धी देवो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.