मे महिन्यातलं गाव



पर्यावरण आणि विकास हा विषय पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्या तुम्हा मंडळींनी या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी मला बसवलंत, याबद्दल मनापासून आभार. तीस वर्षं या वर्गात काढल्यावर मला जे सांगायचं आहे, ते अभ्यासक्रमातल्या पुस्तकांबद्दल नाही. आपण विद्यार्थ्यांना कोणत्या महिन्यात गावात पाठवतो, त्याबद्दल आहे.

आपली मुलं गावात जातात ती डिसेंबर-जानेवारीत. ज्वारी हुरड्यात आलेली असते, विहिरीत दोन-तीन परस पाणी असतं, लोक हसून चहा देतात. प्रश्नावल्या भरून होतात. फेब्रुवारीत तक्ते, मार्चमध्ये धावपळ, एप्रिलमध्ये प्रबंध जाड पुठ्ठ्यात बांधून विभागात जमा. त्यानंतर परीक्षा आणि सुटी. गावात टँकर येतो तो मे महिन्यात, आणि तेव्हा तिथं आपलं कुणीच नसतं. म्हणजे दोन वर्षं पर्यावरण आणि विकास शिकून पदवी घेणारा विद्यार्थी पाणीटंचाईवर प्रबंध लिहितो, पण टंचाईतलं गाव त्यानं पाहिलेलं नसतं.

हे मला एका विद्यार्थिनीनं शिकवलं. पुरंदर तालुक्यातल्या एका गावात ती जानेवारीत विहिरी मोजत होती. टेपच्या टोकाला दगड बांधायचा, खाली सोडायचा, पाण्याला लागला की आकडा लिहायचा. एका विहिरीच्या थारोळ्यापाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "पोरी, आत्ता काय मोजतीस? आखितीनंतर ये." ती खरंच गेली, स्वतःच्या खर्चानं, एसटीनं. परत आली तेव्हा तिची वही मी पाहिली. बांधाला बांध असलेल्या दोन विहिरी जानेवारीत जवळजवळ सारख्या भरलेल्या होत्या. मेमध्ये एकीत दगड खट्टकन कातळावर आपटला. दुसरीवर मोटर चालू होती, कारण मालकानं विहिरीच्या तळाशी आडवी बोअरं मारली होती आणि वर शेततळंही केलं होतं. कोरड्या विहिरीच्या मालकाकडे बोअरच्या गाडीला द्यायला पैसे नव्हते. खडक दोघांच्या खाली तोच होता. हा फरक जानेवारीच्या आकड्यांत कुठंही नव्हता.

पण तिचा प्रबंध तोवर जमा झाला होता. मेचे आकडे वहीतच राहिले. काही वर्षांनी त्या गावच्या सरपंचांनी मला गाठलं आणि विचारलं, "सर, आमच्या विहिरी मोजल्या होत्या, त्याचं पुढं काय झालं?" विभागात शोधायला गेलो तर जुने प्रबंध रद्दीत गेले होते. सरपंचांना द्यायला माझ्याकडे एक कागदसुद्धा नव्हता. त्या दिवसाची खंत अजून आहे.

एकेक विहीर मोजायला कारण आहे. आपल्या राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी मुरतं ते भेगांतून आणि मऊ मांजऱ्या थरांतून. त्यामुळे शंभर पावलांवर विहिरीची कथा बदलते, आणि तालुक्याची सरासरी सांगून काहीच कळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. सरकारी खात्याला जो मे महिना लागतो, तो विद्यापीठाला नको, याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

गाव आपल्या शिकवण्यातूनही असंच सुटतं. 1972 च्या जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची परिषद भरली. ती आपण पहिल्याच तासाला शिकवतो. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला आणि तो पाहून विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंता-उद्योजक पुरंदरमध्ये उतरले. नायगावला देवस्थानची 40 एकर पडीक जमीन घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मी प्रत्येक तुकडीकडून फळ्यावर लिहून घेत आलो. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा गावकऱ्यांनी उचलायचा. यात जलविज्ञान किती आणि न्याय किती, हे वेगळं काढता येत नाही. आपल्या विषयाच्या नावात पर्यावरण आणि विकास यांच्यामध्ये जो 'आणि' आहे, त्याचा अर्थ मला या नियमांतून कळला. तरीही कित्येक वर्गांत स्टॉकहोमला तीन तास मिळतात आणि नायगावला एक तळटीप.

कायद्याचंही असंच होतं. भूजलाचा 2009 चा कायदा राज्यात 2014 पासून लागू आहे. 60 मीटरहून खोल विहिरीला त्यात मनाई आहे. हे कलम परीक्षेत पाठ येतं. पण मेमध्ये रात्रीच्या वेळी शिवारात बोअरची गाडी घरघरताना ऐकली, की ते कलम मोडणाऱ्या माणसाची घालमेलही कळते. त्याची बाग वाळत असते, डोक्यावर कर्ज असतं. त्याला गुन्हेगार म्हणून मोकळं होता येत नाही आणि त्याच्या बोअरमुळे आटलेली शेजाऱ्याची विहीरही विसरता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदव्युत्तर पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. दुसरं आणि तिसरं सत्र यांच्यामध्ये मे महिना मोकळा पडलेला असतो. तेव्हा सबब उरलेली नाही. माझी तुम्हाला विनंती आहे : प्रत्येक विभागानं एक गाव धरावं आणि सोडू नये. दर तुकडीनं त्याच विहिरी मोजाव्यात, जानेवारीतही आणि मेमध्येही. तोंडी परीक्षेच्या आधी विद्यार्थ्यानं आपले निष्कर्ष ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावेत. जलधर, म्हणजे खडकातला पाणी धरणारा थर, हा शब्द कुणाला कळला नाही तर पाझर म्हणावं, झरा म्हणावं. तो शब्द गावाकडूनच शिकावा. आणि आकड्यांची वही, एक प्रत करून, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून यावं.

त्या विद्यार्थिनीनं ती वही जपून ठेवली होती. मागच्या महिन्यात मी ती मागून घेतली. येत्या मेमध्ये त्याच गावात त्याच विहिरी मोजायला मी जाणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना विद्यार्थी घेऊन यायचं असेल, त्यांनी आज जेवणाच्या सुटीत माझ्याकडे नावं द्यावीत.